प्रोग्राम झाल्यावर काय? वंचित मुलं आणि कलेचा हक्क

 

आजच्या विषयाचं नाव ऐकून दोघा-तिघांनी विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून हे काय मध्येच?" सोडलेलं नाही. कला कशासाठी, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न. आज तो आपण ग्रंथालयाऐवजी वस्तीत उभं राहून विचारणार आहोत. ज्या मुलांना दोन वेळचं जेवण, शाळा, दवाखाना यांचीच भ्रांत आहे, त्यांच्यासाठी गाण्याचे, नाटकाचे वर्ग चालवावेत का? आणि चालवले, तर ते कशाने जगतात आणि कशाने मरतात?

सुरुवात आमच्याच एका फसलेल्या उद्योगापासून करू.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. गाढी नदीच्या आसपास इमारती उठायला लागल्या होत्या. जिथे भाताची खाचरं होती तिथे पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा लागल्या, आणि त्यांत मराठवाड्यातून, विदर्भातून, कर्नाटकातून आलेली बांधकाम मजुरांची कुटुंबं. मुलं दिवसभर वाळूच्या ढिगावर. आम्ही चार-पाच निवृत्त मंडळींनी ठरवलं, या मुलांना गाणं शिकवायचं. एकाकडे पेटी होती, एकाला तबला येत होता, आणि वेळ सगळ्यांकडेच होता. रविवारी सकाळी वर्ग सुरू झाला. वीस-बावीस मुलं यायला लागली. एक प्रार्थना आणि दोन देशभक्तीची गाणी आम्ही निवडली. पंधरा ऑगस्टला कार्यक्रम ठरला. वर्गणी काढून मुलांना पांढरे सदरे शिवले. मुलं रांगेत उभी राहिली, सुरात गायली. पाहुण्यांचे डोळे पाणावले, फोटो निघाले, लाडू वाटले. आम्ही खूश.

पुढच्या रविवारी चार मुलं आली. बाकीची समोरच वाळूवर खेळत होती. त्यातल्या एकाला हाक मारून विचारलं, "का रे, आज यायचं नाही का?" तो म्हणाला, "पण सर, प्रोग्राम झाला ना?" आणि मग जरा थांबून, "सदरा परत द्यायचा का?"

त्याने टोमणा मारला नव्हता. त्याला जे समजलं होतं ते तो सांगत होता, आणि ते बरोबर होतं. वर्ग कार्यक्रमासाठी होता आणि कार्यक्रम आमच्यासाठी होता. हे आम्हाला कळायला त्या दहा वर्षांच्या पोराची गरज लागली. चाळीस वर्षं कांट शिकवून काही उपयोग झाला नव्हता. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे आम्ही फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल!

गोष्ट इथे संपत नाही. तो मुलगा बोलता बोलता पालथ्या घमेल्यावर दोन काटक्यांनी काहीतरी वाजवत होता. आमच्या तबलजींचे कान टवकारले. लय पक्की, आणि मधल्या जागा तर अशा की शिकवून येत नाहीत. कुठे शिकलास? "बाप हलगी वाजवायचा." झालं! आम्हाला वाटलं, चूक सापडली. आपण आपलं गाणं यांच्यावर लादलं, यांचं स्वतःचं तर घरातच आहे. संध्याकाळी उत्साहाने त्या खोलीवर गेलो. मुलाच्या वडिलांना म्हटलं, तुम्हीच या शिकवायला, मुलांचं हलगीपथक काढू. त्यांनी आम्हाला बसायला जागा केली, चहा दिला आणि म्हणाले, "नको साहेब. गावात तेच वाजवत होतो. ते सुटावं म्हणून तर इकडं आलो."

आजचं सगळं व्याख्यान या दोन वाक्यांवर आहे. एक मुलाचं, एक बापाचं.

वंचित कशापासून?

आपण 'वंचित मुलं' म्हणतो तेव्हा मनात एक चित्र असतं. त्यांच्याकडे कला नाही, संस्कार नाहीत, आपल्याकडे आहेत, तेव्हा आपण द्यावेत. जरा आजूबाजूला बघा. या पट्ट्यात आगरी लग्नात धवला गाणारी धवलारीण असते. सगळे विधी तिच्या गाण्याशिवाय पुढे सरकत नाहीत आणि गाण्यांचा तो साठा तिला तोंडपाठ असतो. माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांमध्ये ठाकर-कातकऱ्यांचे नाच आहेत, त्यांची वाद्यं आहेत. गावोगाव भजनी मंडळं आहेत. कलेचा दुष्काळ इथे कधीच नव्हता. दुष्काळ आहे तो जागेचा, वेळेचा, ऐकून घेणाऱ्यांचा, आणि सगळ्यात जास्त निवडीचा.

निवड हा शब्द महत्त्वाचा, कारण दुसरी चूक तिथेच होते. 'त्यांना त्यांचीच लोककला करू द्या' हे ऐकायला उदार वाटतं. पण गावगाड्यात हलगी वाजवणं ही अनेकांसाठी हौस नव्हती. ते जातीने वाटून दिलेलं काम होतं. कुणाच्या दारात, कुणाच्या मिरवणुकीत, कुठे उभं राहून वाजवायचं, हे दुसरे ठरवत. त्या बापाला वाद्याचा तिटकारा नव्हता, वाद्याबरोबर येणाऱ्या त्या उभं राहण्याच्या जागेचा होता.

मग काय, हलगी टाकून द्यायची? महाराष्ट्रात याचं एक फार सुंदर उत्तर पूर्वी दिलं गेलेलं आहे. १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले. भीमराव कर्डकांसारख्या तरुणांनी तमाशाचाच बाज घेतला, ढोलकी घेतली, सवाल-जवाब घेतले. पण गण-गौळणीचा जुना आशय बदलला आणि त्या जागी शिक्षण, पाण्याचा हक्क, अंधश्रद्धा, दारू हे विषय आणले. रूप तेच आणि माणसंही तीच, पण काय गायचं हे आता गाणारा ठरवत होता. म्हणजे प्रश्न शास्त्रीय की लोक, पेटी की हलगी, असा नाहीच. ठरवणार कोण, हा प्रश्न आहे.

पाचव्या वेदाची गोष्ट

आपल्या परंपरेला हा प्रश्न अनोळखी नाही. भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात कथा आहे. इंद्रादी देव ब्रह्मदेवाकडे जातात आणि एक खेळणं मागतात, पाहता येईल आणि ऐकताही येईल असं. कारण काय? तर शूद्रांना वेद ऐकायचा अधिकार नाही, तेव्हा सगळ्या वर्णांसाठी असा एक पाचवा वेद हवा. तो वेद म्हणजे नाट्य. लक्षात घ्या, ज्यांना दार बंद होतं त्यांच्यासाठी ही कला निर्माण झाली, असं खुद्द ग्रंथच सांगतो.

ही कथा व्याख्यानांत आवडीने सांगितली जाते. पण त्याच ग्रंथाच्या शेवटाकडे दुसरी कथा आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. भरताच्या मुलांच्या हाती ही विद्या आल्यावर त्यांनी ऋषींचीच नक्कल करणारे, त्यांना हसणारे प्रयोग केले. ऋषी संतापले आणि त्यांनी शाप दिला, तुम्ही शूद्र व्हाल.

दोन्ही कथा एकत्र वाचायला हव्यात. कला सगळ्यांना द्या म्हणणं सोपं आहे. पण जिच्या हाती ती जाते, ती व्यक्ती उद्या आपल्यावरही नाटक करणार. ते बघायची तयारी असेल तरच वर्ग सुरू करावा.

कलापथकाचा धडा

आता अलीकडे येऊ. १९४१ साली राष्ट्र सेवा दल नव्याने उभं राहिलं आणि पुढे त्याचं कलापथक महाराष्ट्रभर फिरलं. वसंत बापटांसारखे कवी-प्राध्यापक त्यात होते, लीलाधर हेगड्यांसारखे गायक होते, पु. ल. देशपांड्यांनी त्यांच्यासाठी 'पुढारी पाहिजे' लिहिलं. आणि त्याच सेवा दलाच्या कलापथकांत निळू फुले होते, जे पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. राम नगरकर होते, ज्यांचा घरचा धंदा केशकर्तनाचा, आणि ज्यांनी पुढे 'रामनगरी'त तेच आयुष्य हसत हसत मांडलं. गिरणगावातल्या चाळीत, कामगाराच्या घरात वाढलेले दादा कोंडकेही याच वाटेने आले.

आमच्या मते यातली मोलाची गोष्ट वेगळीच आहे. कलापथकावर 'गरीब मुलांसाठी' अशी पाटी नव्हती. माळी आणि प्राध्यापक एकाच चळवळीत गात होते, एकाच सतरंजीवर झोपत होते. पाटी लावली की मूल आत येतानाच ओळखतं की आपण इथे कशासाठी आहोत. आमच्या पांढऱ्या सदऱ्यावरही, न छापलेली का होईना, तीच पाटी होती.

इथे एक सावधगिरी. निळूभाऊंचं नाव घेतलं की टाळ्या पडतात. पण जे मोठे झाले त्यांचीच नावं आपल्याला माहीत आहेत. त्याच पथकांत शेकडो मुलं होती, जी पुढे कारकून झाली, शिक्षक झाली, कामगार झाली, आणि ज्यांचं नाव कुठे नाही. एखादा उपक्रम चांगला की वाईट हे त्यातून किती 'निळू फुले' निघाले यावर ठरवलं, तर बाकीच्या सगळ्या मुलांना आपण कच्चा माल समजतो असा अर्थ होतो. कारकून झालेल्या मुलाला ती दोन वर्षं काय देऊन गेली, हा खरा हिशेब.

ठाण्यातला प्रयोग

आपल्या सगळ्यात जवळचं आणि अलीकडचं उदाहरण ठाण्याचं. रत्नाकर मतकरींनी १९६० च्या दशकापासून बालनाट्यात काम केलं. 'निम्मा शिम्मा राक्षस' आणि 'अलबत्या गलबत्या' ही त्यांची नाटकं आपल्यापैकी अनेकांनी मुलांना नेऊन दाखवली असतील. वयाची पंचाहत्तरी गाठल्यावर, २०१४ साली, त्यांनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. ठाण्याच्या वेगवेगळ्या वस्त्यांमधली मुलं-मुली त्यात आली.

मतकरींच्या हाताशी स्वतःची डझनावारी नाटकं तयार होती. त्यातलं एखादं बसवून घेणं सोपं गेलं असतं, आणि प्रयोगही देखणा झाला असता. पण या उपक्रमाची रीत वेगळी. मुलांनी आपल्याच वस्तीतल्या गोष्टी घ्यायच्या, आपणच नाटिका रचायच्या, आपणच करायच्या. मोठ्यांनी मदत करायची ती रचनेत, उच्चारात, रंगमंचावर उभं कसं राहायचं यात. विषय मुलांचा. नेपथ्याचा, वेशभूषेचा थाट नाही. मतकरी १७ मे २०२० रोजी करोनाने गेले, पण रंगमंच त्यांच्यामागेही चालू राहिला. उभारणारा गेल्यावर उपक्रम टिकतो का, ही कोणत्याही कामाची कडक परीक्षा असते.

इथे एक फरक समजून घेऊ. आपल्याकडे कला शिकण्याची नेहमीची वाट म्हणजे परीक्षांची. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि घराण्यांच्या भिंतीआडचं संगीत सामान्य माणसाला खुलं केलं, हे फार मोठं काम. पण त्या वाटेवर चालायला घरी वाद्य लागतं, दरमहा फी लागते, आणि एका जागी बरीच वर्षं राहावं लागतं. साइट संपली की गाव बदलणाऱ्या मुलाला ही वाट कशी झेपावी? नाटक मात्र चार मुलं आणि दहा फूट जमिनीवर उभं राहतं.

पुरावा काय सांगतो?

आता कुणी म्हणेल, हे सगळं भावनेचं झालं. गाण्याने, नाटकाने मुलांचं भलं होतं याला पुरावा काय? रास्त प्रश्न आहे. दोन अभ्यास पाहू.

पहिला टोरांटोचा, २००४ साली प्रसिद्ध झालेला. ग्लेन शेलेनबर्ग या मानसशास्त्रज्ञाने सहा वर्षांच्या १४४ मुलांचे चार गट केले. एकाला पियानोसारखा की-बोर्ड, एकाला गायन, एकाला नाटक, आणि एकाला त्या वर्षी काहीच नाही. वर्षअखेर सगळ्यांचाच बुद्ध्यंक थोडा वाढला, पण संगीताच्या गटांत सरासरी ७ अंकांनी आणि बाकीच्यांत ४.३ अंकांनी. म्हणजे फरक आहे, पण लहान. खरी गंमत पुढे आहे. इतरांशी जुळवून घेणं, मिळून वागणं, यात सुधारणा दिसली ती नाटकाच्या गटात. संगीताच्या गटात ती दिसली नाही. 'संगीताने मूल चांगलं वागायला लागतं' हे आपण गृहीत धरतो, तेवढं ते सरळ नाही.

दुसरा अभ्यास व्हेनेझुएलाचा. तिथे होसे आंतोनियो आब्रेउ यांनी १९७५ मध्ये मुलांच्या वाद्यवृंदांची एक चळवळ सुरू केली, 'एल सिस्तेमा' म्हणतात तिला. गरीब मुलांना वाद्यवृंदातून वर काढणारा जगातला सर्वांत मोठा उपक्रम म्हणून तिचं नाव झालं. पुढे इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या संशोधकांनी १६ केंद्रांवरच्या ६ ते १४ वयाच्या २,९१४ मुलांचा अभ्यास केला. मुलांचा स्वतःवरचा ताबा थोडा वाढला. बुद्धी, स्मरण अशा गोष्टींत एकूण गटात ठळक फरक दिसला नाही. पण एक आकडा आम्हाला सगळ्यात बोलका वाटतो. ज्या राज्यांत ही केंद्रं होती तिथे दारिद्र्याचं प्रमाण ४६.५ टक्के होतं, आणि अभ्यासातल्या मुलांत गरीब होती १६.७ टक्के.

म्हणजे गरिबांसाठी काढलेल्या वर्गाला बरीचशी सुस्थितीतलीच मुलं आली. आश्चर्य नाही. सूचना वाचणारे आई-बाप, अर्ज भरणारे आई-बाप, वेळेवर आणून सोडणारे आई-बाप ज्यांना आहेत, ती मुलं पहिल्यांदा पोचतात. वर्ग फुकट ठेवला म्हणून दार उघडं राहिलं, असं होत नाही.

आपल्या नातीला पुरावा मागतो का?

आता तत्त्वज्ञानाचा मुद्दा. समजा, उद्या सिद्ध झालं की गाण्याने बुद्ध्यंक एका अंकानेही वाढत नाही, गुन्हे कमी होत नाहीत, दहावीचे गुण वाढत नाहीत. मग आपण काय करू? वस्तीतला वर्ग बंद करू. देणगीदार सांगेल, परिणाम दिसत नाही.

पण आपल्या स्वतःच्या नातीला कथकला घालताना आपण कधी पुरावा मागितला होता का? तिला आवडतं, ती खुलते, एवढं पुरलं. आपल्या मुलांसाठी कला हा आनंद असतो आणि वस्तीतल्या मुलांसाठी ती औषध होते. औषध म्हटलं की समोरचा रोगी ठरतो. 'कलेमुळे ही मुलं वाईट मार्गाला लागणार नाहीत' हे वाक्य आपण अहवालात किती सहज लिहितो! त्यात एक आरोप दडलेला आहे, की नाहीतर ती लागलीच असती.

ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'च्या आठव्या भागात संगीताचा विचार केला, तेव्हा त्याला फक्त उपयोगाने मोजायला तो तयार नव्हता. मोकळ्या वेळात माणसाने माणूस म्हणून काय करावं, याचं एक उत्तर त्याला संगीतात दिसलं. अर्थात त्याचा 'मोकळा माणूस' म्हणजे गुलाम नसलेला नागरिक. आपल्याला ती कड पुसायची आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातल्या ३१व्या कलमाने ती पुसली. विश्रांती, खेळ आणि कला-सांस्कृतिक जीवनात सहभाग हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे, असं ते कलम सांगतं. भारताने १९९२ साली हा करार मान्य केला. हक्काला परिणामांचा दाखला जोडावा लागत नाही. श्वास घेण्याने उत्पादकता किती वाढते, असं आपण विचारत नाही.

मग अभ्यासांचा उपयोग नाही का? आहे. वर्ग असावा की नसावा यासाठी तो नाही. वर्ग कसा असावा आणि तो कुणापर्यंत पोचतो, हे तपासायला आहे.

विचुंब्यात काय करता येईल?

या सगळ्याचं तात्पर्य आम्ही तीन प्रश्नांत मांडतो. कोण येतं? कोण ठरवतं? कोण टिकतं?

कोण येतं, हे बघायचं तर वर्ग वस्तीजवळ हवा. मुलींचा विचार आधी. दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटं भावंडं असतं. त्या भावंडासकट तिला येऊ दिलं तर ती येते, नाहीतर नाही. अंधार पडायच्या आत वर्ग सुटला तर ती पुढच्या वेळीही येते. निवडचाचणी नको.

कोण ठरवतं, याची खूण सोपी आहे. वर्षभरात मुलांनी आपल्याला न आवडणारं काहीतरी केलं का? नसेल केलं, तर ठरवतो आहोत आपणच.

कोण टिकतं, हे मुलांपेक्षा मोठ्यांबद्दल जास्त विचारायचं. दर आठवड्याला नवा स्वयंसेवक पाठवण्यापेक्षा एकच माणूस तीन वर्षं येणं मोलाचं.

आमच्या वर्गाचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. आम्ही तो पुन्हा सुरू केला. या वेळी पेटी कोपऱ्यात ठेवली आणि मुलांना विचारलं, काय करायचं? दोन रविवार नुसता गोंधळ झाला. तिसऱ्या रविवारी मुलांनी पाण्याच्या टँकरवर नाटक केलं. टँकर येतो, आधी इमारतीच्या कामाला पाणी जातं, उरलं तर खोल्यांना. मुकादमाची नक्कल त्या घमेलेवाल्याने इतकी हुबेहूब केली की बायका हसून लोटपोट झाल्या. मुकादमही मागे उभा होता, तो काही हसला नाही. पुढचे दोन आठवडे आम्हाला साइटवर यायला मनाई झाली. भरतपुत्रांचा शाप तो हाच, असं आम्ही एकमेकांना म्हटलं. नंतर समजूत निघाली, वर्ग चालला. हलगीवाले वडील कधी शिकवायला आले नाहीत, पण प्रत्येक नाटकाला मागे येऊन बसत. शेवटच्या नाटकात मुलाने घमेलं वाजवलं तेव्हा त्यांनी उठून त्याच्या हातातल्या काटक्या नीट धरायला लावल्या आणि परत जाऊन बसले. दीड वर्षाने इमारत पूर्ण झाली, कुटुंबं पांगली, वर्ग संपला. आज त्या इमारतीत आपल्यापैकी काही जण राहतात.

आता दुसऱ्या इमारती चालू आहेत आणि दुसरी मुलं वाळूवर खेळत आहेत. ज्या हॉलमध्ये आपण बसलो आहोत तो रविवारी दुपारी चार ते सहा रिकामा असतो, हे आम्ही चौकशी करून आलो आहोत. किल्ली कुणाकडे असते तेही विचारलं आहे. प्रश्नोत्तरांची सुरुवात तिथूनच करूया का?